बाळकाकांचा कट्टा

नागपूरच्या ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या घरातल्या मुलानं अमेरिकेत जाऊन मासे पकडण्यावर भाषण द्यावं आणि त्याबद्दल त्याला शाल-नारळ मिळावा, ही गोष्ट खरं तर कौतुकानं सांगायची. बाळकाका घाट्यांच्या बाबतीत ती तशी सांगता येत नाही. त्यांनी स्वतःही ती कधी तशी सांगितली नाही.

बाळकाका त्र्याहत्तर वर्षांचे, धातुशास्त्राचे इंजिनिअर. मिशिगन सरोवराच्या अगदी खालच्या टोकाला, इंडियानाच्या काठावरच्या एका पोलाद कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी भाज्या लावतं, कोणी संस्कृत शिकतं. काका गळ घेऊन धक्क्यावर उभे राहायला लागले. मृणालिनीकाकूंनी एकच अट घातली, मासा घरात येणार नाही. म्हणून गॅरेजमध्ये विजेची शेगडी आली, वेगळा तवा आला, आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा नियम झाला. काकांनी तो निमूटपणे पाळला.

त्यांना मासेमारी शिकवली हार्लननं. हार्लन त्याच कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. वयानं काकांहून सहा वर्षांनी मोठा, पण गोरा माणूस कितीही म्हातारा झाला तरी मराठीत आपण त्याला 'तो'च म्हणतो, तेव्हा इथेही तसंच चालू दे. चौतीस वर्षांत दोघं चार वाक्यं बोलले असतील नसतील. काका साहेब होते आणि हार्लन हेल्मेटखालचा एक चेहरा होता. निवृत्तीनंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये काका तीन दिवस ओळीनं धक्क्यावर उभे होते आणि त्यांच्या गळाला गवतसुद्धा लागलं नव्हतं. चौथ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्या दोरीच्या टोकाला लोंबणारं चंदेरी, वीतभर लांब लुअर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, बघितलं आणि म्हणाला, "हे ऑगस्टातल्या मोठ्या सॅमनसाठी आहे. आता इथे कोहो आहेत. त्यांना लहान काहीतरी दे. नारिंगी." आणि खिशातून करंगळीएवढं, हातानं रंगवलेलं एक लुअर काढून दिलं. अर्ध्या तासात मासा लागला. हार्लनचं बोलणं अर्थातच सगळं इंग्रजीत व्हायचं, आणि फार थोडं व्हायचं.

कोहो म्हणजे सॅमनमधली एक धाकटी जात. हिवाळा सरला की सरोवराचं दक्षिणेकडचं टोक आधी ऊब धरतं, आणि ही पोरं त्या उबेच्या मागे काठाशी येतात, पार वरच्या पाण्यात. महिना-दीड महिना हा खेळ चालतो. त्यात दोनच प्रश्न असतात, कुठे आणि कशानं. बाकी सगळं नशीब. आणि या दोन प्रश्नांची उत्तरं हार्लनच्या घरी एका जाड वहीत लिहिलेली होती.

वही डॉरिसच्या हातची. डॉरिस म्हणजे हार्लनची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. हार्लन बोट चालवायचा आणि ती मांडीवर वही घेऊन लिहायची. तारीख, पाण्याचं तापमान, वारा कुठला, लुअरचा रंग, किती मासे. एकतीस वसंत ऋतू तिनं असे लिहून ठेवले होते. मधूनच एखादी ओळ भलतीच असायची. 'आज हार्लननं सँडविच पाण्यात पाडलं. माशांनीही खाल्लं नाही.' वहीत एका जागेचं नाव सारखं यायचं, डॉरिसचा कोपरा. एक ओढा सरोवराला मिळतो तिथे, जुन्या लाकडी धक्क्याचे खुंट पाण्यातून वर आलेले आहेत, त्यांच्या पलीकडची जागा. ती तिनंच शोधली होती. हार्लन म्हणायचा तिथे काही नाही, ती म्हणाली बोट थांबव, आणि तिनं आयुष्यातला पहिला कोहो तिथे पकडला. पुढे तीस वर्षं दोघांनी ती जागा कोणाला दाखवली नाही. बाळकाकांना दाखवली.

गेल्या नोव्हेंबरात हार्लननं वही त्यांच्या हातात दिली. "हिवाळाभर वाच. माझ्यापेक्षा ती चांगलं समजावते. मार्चमध्ये परत आण." तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय ती कोणी बघितलेली नाही, असंही म्हणाला. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली होती.

आता इंजिनिअर माणसाच्या हातात एकतीस वर्षांचे आकडे पडले की तो गप्प बसत नाही. काकांनी पानन् पान फोनवर टिपलं, सगळं एक्सेलमध्ये उतरवलं, आलेख काढले. पाणी बेचाळीस अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर लाल रंग, वर गेलं की नारिंगी. दक्षिणेचा वारा असेल तर कुठे, उत्तरेचा असेल तर कुठे. बर्फ पडत होतं आणि काका तळघरात बसून खूश होते. तेव्हा मनात पाप नव्हतं. आलेख छापून, छान बांधून हार्लनला द्यायचे असं त्यांनी ठरवलं होतं. वही मार्चमध्ये परत गेली. आलेख मात्र दिले नाहीत, कारण मधे अक्षतचा फोन आला.

अक्षत म्हणजे मराठी मंडळाचा यंदाचा अध्यक्ष, सॉफ्टवेअरवाला, पस्तिशीचा. "काका, पाडव्याला सीनियर्ससाठी काहीतरी हटके हवंय यार. दरवर्षी तेच, रिटायरमेंट प्लॅनिंग आणि गुडघे. तुम्ही सॅमनवर बोला ना. फक्त स्लाइड्स मराठीत हं, आपली पॉलिसी आहे. आणि ट्वेंटी मिनिट्स मॅक्स, नंतर जेवण आहे."

काकांनी एक्केचाळीस स्लाइड्स केल्या होत्या. 'वसंतातील कोहो: आमिषाची निवड व स्थलनिश्चिती' असं भारदस्त नाव दिलं होतं. वीस मिनिटांत बसवायच्या म्हणून कापाकापी सुरू झाली. दुसऱ्याच स्लाइडवर लिहिलं होतं, 'या सर्व नोंदी माझे मित्र हार्लन व त्यांच्या पत्नी कै. डॉरिस यांच्या.' काकांचा हात तिथे थांबला. मंडळात हार्लनला कोण ओळखतं? तोंडानं सांगू की. स्लाइड गेली. मग नकाशा आला. त्यावर लाल ठिपका आणि पुढे 'डॉरिसचा कोपरा'. आता ही डॉरिस कोण, असं कोणी विचारलं की पाच मिनिटं त्यातच जाणार. काकांनी ते खोडलं आणि गंमत म्हणून टाइप केलं, 'बाळकाकांचा कट्टा'. वाचून स्वतःशीच हसले. मग अक्षरं जरा मोठी केली.

शनिवारी हॉल भरलेला होता. गुढी उभारलेली, मागे श्रीखंडाची पातेली मांडलेली. काका झब्ब्यात उभे राहिले आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की लोक ऐकताहेत. खरोखर ऐकताहेत. एरवी फोनमध्ये डोकं घालून बसणारी मंडळीसुद्धा पडद्याकडे बघत होती. माणसाला त्र्याहत्तराव्या वर्षी असं ऐकून घेणारं कोणी भेटलं की त्याचं काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. हार्लनचं नाव तोंडानं सांगायचं होतं, ते मागे मागे पडत गेलं. नकाशा आला, 'बाळकाकांचा कट्टा' आला, टाळ्या पडल्या.

शेवटी नीलांबरीताईंनी हात वर केला. या निवृत्त बालरोगतज्ज्ञ, आणि हिशेबाला पक्क्या. "बाळ, एकतीस वर्षांचा डेटा म्हणालास. तुला रिटायर होऊन तर आठच वर्षं झाली. मग हे ऑब्झर्वेशन कोणाचं?"

देवानं याहून सोपी संधी कोणाला दिली नसेल. दोन शब्दांचं उत्तर होतं. काका म्हणाले, "निरीक्षणाची सवय जुनी आहे, नीलांबरी."

हॉल हसला. काकाही हसले आणि हसता हसता त्यांची नजर शेवटच्या रांगेवर गेली. तिथे, काकूंच्या शेजारच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून हार्लन बसला होता.

काकूंनी बोलावलं होतं. न सांगता, आनंदानं. तुमचा एवढा मित्र, ऐकेल, श्रीखंड खाऊन जाईल. हार्लनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण नकाशा तर कळत होता. आकडे कळत होते. पडद्यावर त्याच्या हातानं रंगवलेल्या लुअरचा भलामोठा फोटो होता. आणि त्या क्षणी हार्लन फोन उंच धरून, एक डोळा मिटून, पडद्यावरच्या नकाशाचा फोटो काढत होता. पुरावा घेतोय, काकांना वाटलं. अक्षतनं शाल खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, आणि काका त्या नारळाकडे बघत उभे राहिले. वर बघायची छाती होईना.

जेवताना हार्लन आला, हात हातात घेऊन जोरात दाबला. "छान केलंस," म्हणाला. "उद्या सकाळी सहा. उशीर करू नकोस." श्रीखंडाचा डबा काखेत धरून निघून गेला.

घरी येताना काकू गाडीत म्हणाल्या, "अहो, किती भावुक झाला होता तो. मी म्हटलं नव्हतं का, बोलवायला हवं?" काका गाडी चालवत राहिले. काकूंना सांगावं, असं दोनदा तोंडाशी आलं. पण काकू इतक्या खुशीत होत्या, आणि शाल मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली होती.

रविवारी सकाळी सहाला हार्लन बोटीत बसलेला होता. छोटीच बोट, दोघांपुरती. काकांनी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, "आज तू कॅप्टन. जागा तू सांग, लुअर तू निवड. कालचं बघितल्यावर मी कोण सांगणारा?"

यात टोमणा होता की नव्हता हे काकांना कळेना. हार्लनचा चेहरा नेहमीसारखाच होता. आठ वर्षं हा माणूस लुअर बांधून हातात देत होता आणि काका बसल्या जागी पाण्यात सोडत होते. आज त्यांनी खिशातून फोन काढला आणि आपला तक्ता उघडला. एप्रिलचा मध्य, उत्तरेचा वारा, बोटीच्या मीटरवर पाणी चव्वेचाळीस. तक्ता म्हणत होता, नारिंगी, काळे ठिपके असलेलं, आणि जागा डॉरिसचा कोपरा. "कोपऱ्यावर जाऊ," ते म्हणाले.

कोपरा धक्क्यापासून लांब नव्हताच. खुंटांच्या पलीकडे जाऊन त्यांनी लुअर पाण्यात सोडली आणि बोट हळूहळू पुढेमागे चालवायला सुरुवात केली. एक तास गेला. काही नाही. काकांनी लाल लावलं, मग परत नारिंगी लावलं, मग दोरी लांब सोडली. दीड तास झाला. ओढ्याच्या काठावर दोन गाड्या येऊन थांबल्या आणि त्यातून अक्षत, त्याचा मित्र राजस आणि आणखी दोन-तीन मंडळी उतरली. हातात कोरे करकरीत गळ, एकाच्या दांड्याला अजून दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. त्यांनी काकांना ओळखलं आणि हात हलवले. तीस वर्षं जिथे दोन माणसं यायची तिथे रविवारच्या सकाळी मंडळाची सहल आली होती.

काकांना वाटलं, आता हा बोलेल. बोलावं, एकदाचं शिव्या देऊन मोकळं व्हावं. हार्लननं काठाकडे बघितलं. "तुझे मित्र?"

"हो."

"चांगलं आहे. डॉरिसला माणसं आवडायची. मलाच नको असायची."

काकांना हे शिव्यांहून जड गेलं. आणखी अर्धा तास ते तसेच फिरत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "हार्लन, मासे कुठे आहेत? तू काही सांगत का नाहीस?"

"कॅप्टनला कोण सांगणार?" हार्लननं बाही वर केली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि बाहेर काढला. "तीन दिवस उत्तरेचा वारा लागलाय. आतलं गार पाणी ढकलत इथे आणलंय. तुझं मीटर काय बोटीच्या बुडाशी मोजतंय ते सोड, हात घालून बघ. ओढ्याची ऊब गेली. मासे पार तिकडे असतील, बांधाच्या मागे." मग त्यानं बोट वळवली, पण बांधाकडे नाही, धक्क्याकडे. "राहू दे आज. मला माशांपेक्षा दुसरंच काम आहे तुझ्याकडे."

वहीत वारा लिहिलेला होता. तो किती दिवस वाहतोय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणारीला आणि चालवणाऱ्याला ते ठाऊक असायचं. एकतीस वर्षांचे आकडे खिशात घेऊन काकांना हात पाण्यात घालायचं सुचलं नव्हतं. आणि याच विद्येवर त्यांनी काल शाल पांघरून घेतली होती. ते खाली मान घालून दोऱ्या गुंडाळत बसले.

धक्क्याला बोट बांधून हार्लन पुन्हा आत येऊन बसला. खिशातून फोन काढला, चष्मा लावला, आणि कालचा फोटो काकांच्या पुढे धरला. नकाशा, लाल ठिपका, आणि पुढे ठसठशीत अक्षरांत 'बाळकाकांचा कट्टा'.

"हे बघून मी काल तिथेच बसून रडलो," हार्लन म्हणाला. तो हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. "तुझी बायको शेजारी होती, तिनं रुमाल दिला. इतक्या लोकांसमोर, तुमच्या अक्षरांत, तिचं नाव. तिच्या कोपऱ्यावर. मी तुला वही दिली तेव्हा धाकधूक होती, खरं सांगतो. आता नाही."

काकांनी फोटोवरून नजर काढून घेतली.

"ग्वेनला पाठवला फोटो." ग्वेन म्हणजे त्याची मुलगी, ॲरिझोनात राहणारी, पन्नाशीची. "तीही रडली. आज दुपारी ती हे मनगटावर गोंदवून घेणार आहे. आईचं नाव. ज्याच्याकडे गोंदवायचं तो म्हणतो फोटो अस्पष्ट आहे, अक्षरं नीट लिहून पाठवा. तेवढं काम तुझ्याकडे." त्यानं गळांच्या डब्यातून एक कोरा कागद आणि पेन काढून काकांच्या गुडघ्यावर ठेवलं.

काकांच्या डोक्यात उत्तर आपसूक तयार झालं, आणि किती सफाईदार. कागदावर 'डॉरिस' लिहायचं. बस. उद्या कोणी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं की हे लांब का आणि ते आखूड का, तर म्हणायचं, त्यात 'चा कोपरा' होतं, यात नुसतं नाव आहे. मुलीच्या हातावर आईचंच नाव येईल. हार्लनचा आनंद शाबूत राहील. नुकसान कोणाचंच नाही. कालपर्यंतच्या सगळ्या पापावर एका शब्दाचं पांघरूण पडेल आणि कोणाला, अगदी कोणाला, कधी कळणार नाही.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं. समोर हार्लन त्यांच्या हाताकडे बघत होता, देवळात पूजा बघावी तसा. ते डोळे बघून काकांना स्वतःची इतकी किळस आली की आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हार्लन," ते म्हणाले, "फोटोत तिचं नाव नाहीये."

"म्हणजे?"

"माझं आहे. बाळकाकांचा कट्टा. म्हणजे बाळची बसायची जागा. मी आधी डॉरिसचं लिहिलं होतं. मग खोडून माझं घातलं."

हार्लननं फोन जवळ धरला. बोटांनी चित्र मोठं केलं. "यातलं तुझं नाव कुठलं?"

काकांनी बोट ठेवून दाखवलं.

"आणि बाकीच्या स्लाइड्सवर? कुठेतरी तिचं असेल."

"नाही. कुठेच नव्हतं. तुझंही नव्हतं. एका बाईनं विचारलं, या नोंदी कोणाच्या. मी म्हटलं माझ्या. लोक हसले ना, ते त्याच वेळी. हार्लन, मला लाज वाटते. मला तुझ्याकडे बघवत नाही."

हार्लननं फोन मांडीवर पालथा ठेवला. धक्क्याखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. काठावर मंडळींपैकी कोणाची तरी दोरी झुडपात अडकली होती आणि त्यांचा गोंधळ चालला होता. काकांना वाटलं, हा आता ऊठ म्हणेल, बोटीतून उतर म्हणेल. त्यांनी उतरायची तयारीसुद्धा केली होती.

"ग्वेनला फोन करायला हवा," हार्लन शेवटी म्हणाला.

"मी सांगतो तिला."

हार्लननं नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. काका आयुष्यात ग्वेनशी कधी बोलले नव्हते. पलीकडून "डॅड?" आलं. काकांनी आपलं नाव सांगितलं, आणि पुढचं सुचायच्या आतच ग्वेन बोलायला लागली. तुम्हीच ना ते, तुम्ही आमच्यासाठी काय केलंत तुम्हाला माहीत नाही, डॅड चार वर्षांत पहिल्यांदा असे बोलले. ती थांबेपर्यंत काकांना ऐकावं लागलं. आभार संपेपर्यंत थांबणं, याहून मोठी शिक्षा त्यांना दुसऱ्या कोणी दिली नसती. मग त्यांनी सांगितलं. सगळं, एका दमात, नीलांबरीताईंच्या प्रश्नासकट.



"अपॉइंटमेंट दोनला आहे," ग्वेन म्हणाली. आवाज एकदम कोरडा झाला होता. "मला आईचं नाव हवंय. लिहिता येतं का तुम्हाला ते?"

"येतं."

"मग लिहा. आणि फोन डॅडना द्या."

काकांनी कागद गुडघ्यावर सरळ केला आणि लिहिलं. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत लिहावं तसं, सावकाश, वर रेघ ओढून. डॉरिस. तीन अक्षरं. त्यांनी ती पुन्हा पुन्हा तपासली आणि कागद हार्लनपुढे धरला. "हे तिचं नाव आहे," ते म्हणाले. "डॉ, रि, स."

हार्लननं कागद घेतला. त्या तीन अक्षरांकडे तो एक डोळा मिटून बघत राहिला, लुअरचा रंग नीट बसलाय का ते बघताना बघायचा तसा. पण रंग त्याला कळायचा. हे कळत नव्हतं. काकांनी त्याच्या चेहऱ्यावर ते बघितलं, आणि हार्लन काय विचार करतोय ते त्यांना त्याच्याही आधी कळलं.

"त्यांना वाचता येतं?" हार्लननं काठाकडे मान वळवून विचारलं.

"येतं," काका म्हणाले. "त्या निळ्या जाकीटवाल्याला विचार. अक्षत नाव त्याचं."

हार्लन बोटीतून उतरला. वय झालेलं, एका हातात कागद, दुसऱ्या हातानं खांब धरून तो धक्क्यावर चढला आणि काठाकाठानं मंडळींच्या दिशेनं चालायला लागला. काका बोटीत बसून बघत राहिले. अक्षतनं हसून त्याला हात केला, आपला गळ दुसऱ्याच्या हातात दिला. हार्लन काहीतरी बोलला आणि कागद पुढे केला. अक्षतनं तो वाचला, आणि मग गोंधळून बोटीतल्या काकांकडे बघितलं. हार्लननं पुन्हा विचारलं. अक्षतनं कागदावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवायला लागला.